आधी घासा, मग बोला

इतर डॉक्टरांच्या खिशाला पेन असतं. आमच्या अंकलगीकर डॉक्टरांच्या खिशात पॉलिश पेपरचा चौकोनी तुकडा असतो. सुतार वापरतात तोच, खरखरीत. त्यानं त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे आतून विरलेत, पण तुकडा काही खिशातून हलत नाही. आणि हे दातांचे डॉक्टर आहेत, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला फर्निचरवाले वाटायचे.

सांगलीत त्यांना लोक 'खरवड डॉक्टर' म्हणतात. पाठीमागं म्हणतात असंही नाही, तोंडावर म्हणतात. मला त्याचा राग येतो. ज्यांच्या तोंडात डॉक्टरांनी बसवलेली कॅप बारा-बारा वर्षं हललेली नाही, तीच माणसं त्याच दातांनी हसतात. निदान दुसरीकडून बसवून घ्या आणि मग हसा!

डॉक्टरांचं म्हणणं एवढंच, की जगात जे जे चिकटवलेलं सुटतं, ते चिकटवणाऱ्याच्या आळसानं सुटतं. डिंक वाईट नसतो. पृष्ठभाग वाईट असतो. "गुळगुळीतावर काही धरत नाही, शालनबाई. घाणीवर धरत नाही. ओल्यावर धरत नाही, आणि ठार कोरड्यावरही धरत नाही. आधी घासा, मग बोला!" हे ते दिवसातून इतक्या वेळा म्हणतात, की समोरच्या झेरॉक्सवाल्याचा पोपट असता तर तोही म्हणाला असता.

एका लग्नात मी त्यांच्याबरोबर होते. स्टेजच्या मागं चकचकीत सॅटिनचा पडदा आणि त्यावर नवरा-नवरीची नावं थर्माकोलच्या अक्षरांत. तिसऱ्या मंगलाष्टकाला नवरीच्या नावातलं पहिलं अक्षर निखळून भटजींच्या खांद्यावर पडलं. डॉक्टर ताडकन उठले. "यप्पा! सॅटिनवर टेप? कुणी लावलं हे?" ते जतच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या हद्दीवरचे, त्यामुळं रागावले की आधी यप्पा येतो आणि मग मराठी. नवरीचा मामा हात जोडून म्हणाला, "आवं डॉक्टर, अक्षता टाका आन् बसा की खाली." डॉक्टर बसले, पण अक्षता मुठीतच राहिल्या. तोवर आणखी दोन अक्षरं पडली होती आणि ते मला बोटं दाखवून मोजत होते.

उसाच्या दिवसांत तर त्यांना रस्त्यानं नेणंच नको. ट्रॉलीच्या मागं लाल चमकती पट्टी लावतात ना, अंधारात मागच्याला दिसावी म्हणून? ती कुणीतरी धुळीवरच दाबून टाकतं. आठ दिवसांत पट्टी उसाच्या पाचटात. डॉक्टरांनी कारखान्याच्या रस्त्यावर स्कूटर आडवी लावून ट्रॅक्टर थांबवलेला मी स्वतः पाहिलाय.

"आवं डॉक्टर, सोडा की! माजा नंबर जाईल!" ड्रायव्हर ओरडत होता.

"मागनं कुणी येऊन धडकला तर वरती नंबर लागेल. तो चालतो का?"

"ह्ये काय बोलनं झालं व्हय?"

"मग गप उभा राहा." डॉक्टरांनी खिशातला तुकडा काढला, पत्रा घासला, रुमालानं पुसला, स्पिरिट फिरवलं, पट्टी लावली आणि अंगठ्यानं दाबून वीसपर्यंत मोठ्यांदा आकडे म्हटले. मागं सात ट्रॉल्या उभ्या. एकानं शिव्या दिल्या, एक म्हणाला, "लय येडा हाय गड्या." महिन्याभरानं तोच ट्रॅक्टर परत दिसला, पट्टी जागच्या जागी. दुसऱ्या कुणाची टिकली? एकाचीही नाही! पण वेडं कोण, तर आमचे डॉक्टर.

मला त्यांच्याकडं काम मिळालं तेही असंच. माझं गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. सातवीनंतर शाळा सुटली, कारण आठवीची शाळा खाली होती आणि लहान भावंडं वर होती. लग्न होऊन सांगलीला आले. इथं डोंगर नाही, त्यामुळं अजून मला दिशा कळत नाहीत. नवरा गेला तरी इथंच राहिले. माहेरी भावाचा संसार दाटीवाटीचा. सणाला गेले तर माझी पिशवी कुठं ठेवायची यावर वहिनी विचार करत बसायची. तर दवाखान्यात बाई हवी म्हणून कळलं आणि गेले. बाकावर माझ्याआधी एक बीएस्सी झालेली मुलगी बसली होती, तिच्या हातात प्लॅस्टिकच्या फाइली. माझ्या हातात नुसती पिशवी. परत जावं असं तीनदा मनात आलं.

डॉक्टरांनी शिक्षण विचारलंच नाही. म्हणाले, "घरची जमीन शेणानं सारवलीय कधी?"

"जन्मभर सारवलीय."

"जुन्या जमिनीवर नवं सारवण घालताना आधी काय करता?"

मला वाटलं थट्टा करताहेत. पण उत्तर येत होतं म्हणून दिलं. "आधी जुने पापुद्रे खरवडायचे. झाडून घ्यायचं. मग पाण्याचा हबका मारायचा, पण पाणी साचू द्यायचं नाही. ठार कोरड्यावर सारवलं तर वाळल्यावर पोपडा निघतो. चिखलावर सारवलं तर धरतच नाही."

डॉक्टर खुर्चीतून उठले. "यप्पा! पाच वर्षं कॉलेजात घासून ज्यांना हे कळत नाही ते बोर्ड लावून बसलेत, आणि ही बाई सातवी शिकलीय!" मी शिक्षण सांगितलं नव्हतं. बाहेर भरून घेतलेल्या अर्जावर त्यांनी वाचलं असणार. "उद्यापासून या." ती बीएस्सी मुलगी माझ्याकडं असं बघत गेली, जणू मीच तिचा पेपर चोरलाय. वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, रस्त्यावर आल्यावर मी देवाला हात जोडले.

पुढं कळलं, दाताचंही तसंच असतं. दाताच्या वरच्या कवचावर निळी जेल लावायची, ती अ‍ॅसिडची असते, थोडे सेकंद ठेवून धुवायची. चकाकणारा दात खडूसारखा पांढरा, खरबरीत होतो. मग तो धरतो. कवच झिजून आतला भाग उघडा पडला असेल तर तो फुंकून ठार वाळवायचा नाही, नुसती ओल ठेवायची. कॅपलाही आतून बारीक पुडीचा फवारा मारून खरखरीत करायचं, त्यावर औषधाचा हात फिरवायचा, आणि त्यानंतर कुणी बोट लावलं, थुंकीचा थेंब उडाला, की सगळं पहिल्यापासून. आमच्या बायका मिशरी लावून येतात, तेव्हा तर डॉक्टर आधी अर्धा तास घासतात आणि पाऊण तास बोलतात. पेशंट म्हणतो, "डॉक्टर, बसली की कॅप घट्ट!" तर त्याच्यावरच ओरडतात, "आज बसली त्याला काय किंमत आहे? आज तर च्युइंगगमपण बसतं! पाच वर्षांनी येऊन सांगा."

एकदा एका आजीनं विचारलं, "एवढं वय झालं, लगीन का न्हाई केलं वं डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडं ठेवा." आजीचं तोंड पुढं तासभर उघडंच होतं.

आता डब्याचं सांगते. कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. डॉक्टरांनी बसवलेली आणि तरी सुटलेली प्रत्येक कॅप त्यात, पुडीत, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर पेशंट, दात आणि खाली 'कारण'. मी आले तोवर इतक्या वर्षांत पुड्या एकोणीस. मी पहिल्याच आठवड्यात सगळ्या वाचल्या. वाचायला येतं तेवढं तरी वापरावं. 'कारण: सुपारी.' 'कारण: लाइट गेली, सिमेंट घट्ट करायचा निळा दिवा अर्धवट चालला.' 'कारण: पेशंटनं मधेच मेव्हण्याचा फोन घेतला.' प्रत्येक चिठ्ठीत डॉक्टरांचा राग, आणि प्रत्येक चिठ्ठीत दोष दुसऱ्याचा. शेवटची, एकोणिसावी होती, 'कारण: प्रियांका. कॅपला बोट.' प्रियांका माझ्या आधीची. चिठ्ठी लिहिली त्याच दिवशी तिचं काम सुटलं.

तेव्हापासून मी माझी पिशवी कधी आत ठेवली नाही. दाराशी, चपलांच्या स्टँडजवळ ठेवायचे. म्हटलं, निघ म्हणाले तर उचलून निघता यावं. तीन वर्षं ती तिथंच होती.

आणि एक नियम दारातच लिहिलेला: लवंगेला मनाई. लवंगेचं तेल दाताला लागलं, की चिकटवायचं सिमेंट नीट घट्ट होत नाही. पण आमच्या माणसांना दात दुखला की लवंग सोडून दुसरं सुचत नाही. डॉक्टर वास घेऊनच पेशंटला परत पाठवायचे. "घरी जा! आठ दिवसांनी या! आणि लवंग मसाल्याच्या डब्यात ठेवा, तोंडात नको!" माझ्या पिशवीत मात्र आईनं दिलेली तेलाची बारकी बाटली कायम असायची. डोंगरात डॉक्टर मिळत नाही. आमच्याकडं लवंगेचं तेल हाच डॉक्टर. सवय जात नाही.

एके सकाळी रहिमतपूरकडचे सुभेदार आले. मिलिटरीतून रिटायर झालेले, गावात पोरांना भरतीसाठी पळवतात. एका पोराच्या कोपरानं त्यांचा पुढचा दात अर्धा उडाला होता. डॉक्टरांनी तो घासून तात्पुरती कॅप लावून दिली होती, त्या दिवशी पक्की बसायची होती. पण येताना रेल्वेत पेरू खाल्ला आणि तात्पुरती कॅप पेरूबरोबर पोटात गेली. उघड्या दाताला खिडकीचं वारं लागून लागून सुभेदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढा मोठा मिशांचा माणूस, टोपी तोंडावर दाबून बसलेला.

डॉक्टर नव्हते. ते बँकेत भांडायला गेले होते, काचेच्या दारावरचं 'ढकला' लिहिलेलं स्टिकर तिरकं होऊन सुटत होतं म्हणून.

"ताई, गोळी लागली तवा एवढं दुखलं न्हवतं," सुभेदार म्हणाले.

मी दारावरचा नियम बघितला. मग सुभेदारांकडं बघितलं. आणि पिशवीतली बाटली काढून कापसाचा बोळा दातावर ठेवला. काय करू? समोर माणूस रडतोय आणि माझ्याकडं औषध आहे! दोन मिनिटांत त्यांनी डोळे पुसले. "मायेचा हात हाय ताई तुमचा." मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगू नका."

डॉक्टरांची स्कूटर वाजली तशी मी बोळा काढला, चूळ भरायला लावली, पंखा मोठा केला. डॉक्टर बँकेच्या नावानं बोलत बोलत आत आले, मास्क चढवला आणि सुभेदारांच्या तोंडावर वाकले. आणि बोलणं थांबलं. मान वर करून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं काहीतरी मागताहेत. मी घाईनं चिमटा पुढं केला, तर हातातून निसटून खाली पडला. डॉक्टरांनी दुसरा घेतला. पूड घेऊन दात घासला. धुतला. परत पूड घेऊन घासला. एरवी एकदाच घासतात. मग जेल, मग कॅप, मग निळा दिवा, सगळं शांतपणे. त्या दिवशी ते एकदाही ओरडले नाहीत. मी म्हटलं, बँकेत सगळं ओरडून झालं असेल.

साडेतीन महिन्यांनी फोन आला. सुभेदारांचा आवाज एवढा, की स्पीकर लावायची गरज नव्हती.

"डाक्टर साब! दात ग्येला! सकाळी शिट्टी दातात धरली, फुर्र केलं, आन् शिट्टीच्या आधी दातच पळाला! पोरान्ला वाटलं पुढं पळायचा इशारा हाय, पाच पोरं पार ओढ्यापतोर ग्येली. निम्मी हसून लोळली. कॅप धुळीत घावली. आता माझं कोन ऐकतंय?"

मी हातातला ट्रे खाली ठेवला. मला कारण माहीत होतं. जगात एकटीलाच माहीत होतं.

सुभेदार दुसऱ्या दिवशी आले, काड्यापेटीत कॅप घेऊन. डॉक्टरांनी भिंगाखाली ती उलटी केली. "सगळं सिमेंट कॅपला. दाताला काही नाही. म्हणजे दाताच्या बाजूनंच धरलं नाही." मग सुरू झाले. शिट्टीवर ओरडले. रेल्वेवर ओरडले. पेरूवर ओरडले. सिमेंटच्या कंपनीवर, हवेतल्या दमटपणावर, बँकेवर तर ओरडलेच, तिचा काय संबंध देव जाणे. प्रत्येक नावानंतर मला वाटायचं, आता माझं. मी मनात एसटी स्टँडवर पोचले होते. वहिनी पिशवीकडं बघत होती.

सांगून टाकावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळेला डॉक्टरांचं पुढचं नाव आलं.

"सुभेदार," शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुमची काही चूक नाही. नवी कॅप मी बसवणार. आणि ती सुटली तर पुढं पळायचा इशारा मला करा." सुभेदार हसले, उरलेल्या दातांनी. डॉक्टरांनी नव्या कॅपचं माप घेतलं, तात्पुरती लावली, पेशंट गेला, मग पाठमोरं बसून चिठ्ठी लिहिली आणि डब्यात टाकली. मला निघ म्हणाले नाहीत. मी पिशवी उचलून घरी गेले ती उद्या येऊ की नको हे न कळताच.

सकाळी मी त्यांच्या आधी आले. कपाट पुसायला घेतलं. डबा पुसायला घेतला. आता पुसायचं तर उघडावा लागतोच. विसावी पुडी वरच होती. डॉक्टरांचं अक्षर कोंबडीचे पाय, पण तीन वर्षांत मला ते झटकन लागायला लागलं होतं.

'सुभेदार, रहिमतपूर. वरचा पुढचा दात. लवंगेचा वास आला होता. दोनदा घासलं, पुरलं नाही. परत पाठवायला हवं होतं. पाठवलं असतं तर बाई घाबरली असती. कारण: मी.'

मी ते तीनदा वाचलं. एकोणीस चिठ्ठ्यांत साऱ्या जगाला दोष देणाऱ्या माणसानं विसावीत स्वतःचं नाव घातलं होतं. आणि ते खोटं होतं! मला एवढा राग आला, की काय सांगू. दोष माझा होता, माझ्या बाटलीचा होता, तो त्यांनी माझ्याकडून काढून घ्यावा कशाला? तेवढ्यात स्कूटर वाजली. मी डबा बंद केला आणि दारातच त्यांना गाठलं.

"डॉक्टर, त्या दिवशी सुभेदारांना मी..."

"आधी घासा, मग बोला." खिशातला तुकडा काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला, आणि दुसऱ्या खिशातून एक हूक. भिंतीला चिकटवायचा, पांढरा, साधा. "तीन वर्षं बघतोय, पिशवी चपलांत ठेवता. ही काय जागा आहे? आत, बेसिनच्या बाजूला लावा. ऑइल पेंट आहे भिंतीला, गुळगुळीत. चांगलं घासा. पुसा. स्पिरिट लावा. आणि बोट लावू नका!"

मी घासलं. ते मागं उभे राहून रंगवणाऱ्याच्या नावानं बोलत होते, भिंत न खरवडता रंग दिला म्हणून. मी हूक दाबला, त्यांनी वीसपर्यंत मोजलं. मी पिशवी अडकवायला गेले तर ओरडले, "यप्पा! चोवीस तास थांबा!" त्या दिवशी पिशवी परत चपलांतच राहिली, आणि डॉक्टर जाता-येता हुकाकडं बघत होते, कुणी हात तर लावत नाही ना.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी अडकवली. आतून बाटली काढून टाकावी म्हणून हात घातला, तर मागून आवाज आला, "ती राहू द्या. फक्त मला सांगत जा."

सुभेदारांचा दात जागेवर आहे. परवा फोनवरून त्यांनी मला शिट्टी ऐकवली. हूक लावून तीन वर्षं झाली. पिशवी त्यावरच असते. मी एकदा डॉक्टरांना म्हटलं, "घट्ट बसलाय हूक." तर माझ्यावरच ओरडले, अजून दोन वर्षं बाकी आहेत म्हणून.